चुका

शालिक बेले तोंडात चुका धरून काम करायचा.
एकेक जिभेनं पुढं सारायचा,
टोक आत, डोकं बाहेर,
आणि चार ठोक्यांत पेटीचा कोपरा बसवायचा.
दिवसाला एकशे चाळीस पेट्या.
मी रजिस्टर धरायचो: फळ्या, तनीस, रद्दी, चुका.
चुकांच्या रकान्यात कधी शून्य नसायचं.
आम्ही त्यावर हसायचो.

बेनोडा फाट्यावरच्या त्या टिनाच्या शेडमध्ये
आंबिया बहार असा उतरायचा
की रुखमा धुर्वेच्या बोटांना
संक्रांतीपर्यंत सालीचा वास.
माल सीमेपार जायचा.
सीमा कशी असते ते निसार ड्रायव्हरनं सांगितलं:
"लाइन आहे गा ते. तीन-तीन दिवस नुसती लाइन."
आणि पलीकडं एक म्हातारा आहे म्हणे,
रिकाम्या पेट्या उकलतो,
वाकड्या चुका दगडावर सरळ करतो,
वजनावर विकतो. घर त्याच्यावरच.

तेव्हापासून शालिक
दर पेटीला एक चूक जास्त मारायचा.
सेठनं विचारलं, किलोमागं हे कुठं जातं?
मी रजिस्टरात लिहिलं: घट.

मग पलीकडच्या सरकारनं संत्र्यावर कर चढवला.
त्यांच्या तिजोरीत बाहेरचं चलन आटलं होतं,
तेल घ्यायचं, औषधं घ्यायची,
संत्रा त्यांना चैन वाटला.
चुकलं का त्यांचं?
मला नाही सांगता येत.
माझा पगार थांबला तेव्हा
माझ्याही घरात आधी फळंच बंद झाली.

पहिल्या आठवड्यात पेट्या ऐंशी,
मग तीस,
मग एका सोमवारी शालिक हातोडी घेऊन आला
आणि फळ्याच नव्हत्या.
रुखमा तरीही दुपारपर्यंत बसली,
रद्दीचे चौकोन कापत.

त्याच आठवड्यात गुलाबच्या सलूनमधला टीव्ही म्हणाला,
देशाची व्यापार तूट कमी झाली.
बाण खाली, आणि हिरवा.
गुलाब म्हणाला, "बरं झालं ना बाप्पा."
खुर्चीतून, अर्धी दाढी फेसात,
शालिक म्हणाला, "कोनाचं?"

मी हिशेबाचा माणूस. रात्री कागद घेऊन बसलो.
त्या आकड्यात आमची शेडही असणार,
दशांशचिन्हाच्या उजवीकडं,
फार उजवीकडं,
जिथले अंक बेरीज झाल्यावर
फुंकर मारून उडवतात.
म्हाताऱ्याचा अंक त्यांच्या कागदावर कुठं असेल
तेही शोधलं.
लाइट गेली, तेवढ्यावर राहिलं.

होळीच्या आधी सर्वेक्षणाची पोरगी आली,
प्रणाली नाव, हातात टॅब, केस धुळीनं पिवळे.
शालिक अंगणात
शेजारणीच्या कोंबड्यांसाठी खुराडं ठोकत होता,
उरल्यासुरल्या पेट्यांचं.
एका फळीवर अजून संत्र्याचं चित्र,
हिरवी पानं दोन.

"काका, मागच्या सात दिवसांत
एक तास तरी काम केलं का?"

शालिकनं खुराड्याकडं पाहिलं.

"त्याचं काही मिळणार?"

कुंपणापल्याडून शेजारीणच बोलली,
"पाच अंडे देतो म्हनलं ना मी!"

पोरीनं नियम वाचला.
पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत.
मग बोट टेकवलं.
मी तिच्या खांद्यावरून पाहिलं,
जुनी सवय, कुणाचाही रकाना वाचायची.
रोजगार: आहे.

"बरोबर ना काका?"

शालिकनं मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.
तोंडात तीन चुका होत्या.
चौथी वाकली होती,
ती तो दगडावर ठेवून
हळूहळू
सरळ करत होता.